दोन गुण की चार? अटीतटीच्या कुस्तीचा निकाल लावायचा कुणाच्या डोळ्यानं?

कुपवाड : एमआयडीसीतली पहिली पाळी सुटली की चहाच्या गाड्यावर मोबाइल निघतात. जत्रांचा हंगाम जवळ आला की त्यावर कुस्त्या सुरू होतात आणि त्यात दोन व्हिडिओ हमखास असतात. एक जानेवारी २०२३ चा, पुण्याच्या कोथरूडमधला. दुसरा फेब्रुवारी २०२५ चा, अहिल्यानगरचा. दोन्ही महाराष्ट्र केसरीचे, दोन्ही वादाचे. व्हिडिओ थांबवायचा, मागं घ्यायचा, बोटानं मोठा करायचा आणि विचारायचं, "आता सांग, पाठ लागली का नाही?" त्यावर गाड्याभोवती दोन तट पडतात ते चहा संपला तरी मिटत नाहीत.

हा वाद रिकामटेकड्यांचा म्हणून सोडून देता येत नाही. कुपवाड, बामणोली, सावळीपासून पलूस, खानापूर, शिराळ्यापर्यंत तालमीत पोरगं घातलेली घरं कमी नाहीत. दूध, बदाम, तूप, तालमीचा खर्च आणि वर्षानुवर्षांची मेहनत, एवढं सगळं सहा मिनिटांच्या कुस्तीवर लागलेलं असतं. महाराष्ट्र केसरीची गदा मिळाली की जत्रेच्या मैदानातली बिदागी वाढते, सरकारी नोकरीची वाट उघडते, गावात कमान लागते. २०२३ च्या विजेत्याला थार गाडी आणि पाच लाख रुपये मिळाले होते. एका गुणानं हे इकडचं तिकडं होत असेल तर तो गुण कुणी, कशावरून दिला हे विचारण्याचा हक्क पैलवानाच्या बापालाही आहे.

कोथरूडमध्ये नेमकं काय झालं

१४ जानेवारी २०२३. माती विभागाची अंतिम कुस्ती, सिकंदर शेख विरुद्ध महेंद्र गायकवाड. दोघंही मूळचे सोलापूर जिल्ह्याचे. सिकंदर मोहोळचा, कोल्हापूरच्या गंगावेस तालमीत घडलेला. महेंद्र मंगळवेढा तालुक्यातला. जो जिंकेल तो गादी विभागाच्या विजेत्याशी गदेसाठी लढणार होता. महेंद्रनं बाहेरील टांग लावली, सिकंदर खाली आला आणि पंचांनी महेंद्रला चार गुण दिले. कुस्ती तिथंच फिरली. महेंद्र पुढं गेला, अंतिम लढतीत शिवराज राक्षेकडून मिनिटभराच्या आत चीत झाला, पण चर्चा राहिली ती त्या चार गुणांचीच.

समाजमाध्यमांवर 'सिकंदरवर अन्याय' अशी लाट आली. पंचांना फोनवरून धमकी आल्याची तक्रार कोथरूड पोलिसांपर्यंत गेली. काहींनी त्याला धर्माचा रंग द्यायचाही उद्योग केला. त्या गोंगाटात मूळ प्रश्न मागं पडला, आणि तो तर अगदी साधा होता. टांग बसली, ताबा महेंद्रचा होता, यावर फारसं कुणाचं दुमत नव्हतं. वाद एवढाच की गुण दोन का चार.

आंतरराष्ट्रीय नियमात याचं उत्तर लिहिलेलं आहे. उभ्या पैलवानाला खाली आणून ताबा घेतला की दोन गुण. पण उभ्यातून टाकलेल्या डावानं समोरचा थेट धोक्याच्या स्थितीत गेला, तर चार. धोक्याची स्थिती म्हणजे पाठ जमिनीकडं वळलेली, पाठीचा आणि जमिनीचा कोन नव्वद अंशापेक्षा कमी. पैलवान आधी पोटावर, कुशीवर किंवा हातावर आला आणि तिथंच थांबला, तर मामला दोनचा. पडतानाच पाठ फिरली, तर चारचा. उंचावरून उचलून फेकलं तर पाचही मिळतात, पण तो इथला प्रश्न नव्हता.

म्हणजे अख्खा वाद अर्ध्या सेकंदाचा. पडतानाचा तो क्षण एका बाजूच्या कॅमेऱ्यातून पाहिला तर कूस दिसते, दुसऱ्या बाजूनं पाहिला तर पाठ. मोबाइलवर फिरलेला व्हिडिओ बहुतेकांनी एकाच कोनातून पाहिला आणि त्यावर निकाल दिला. पंच तिसऱ्याच कोनात उभा होता. दोन म्हणणारे खोटं बोलत होते असं नाही आणि चार देणारा विकला गेला होता असं म्हणायलाही तेवढ्यावरून आधार नाही. अशा वेळी हवं असतं ते एकच : सगळ्या कोनांतलं चित्रण सगळ्यांसमोर दाखवायचं आणि पंचांनी लाऊडस्पीकरवर सांगायचं की चार का दिले. तसं तिथल्या तिथं झालं असतं तर तक्रार पूर्ण मिटली नसती, पण ती पोलिस ठाण्यापर्यंत जायला नको होती.

मैदानाचा डोळा आणि नियमाचं पुस्तक

आपल्या भागातल्या प्रेक्षकाचा डोळा निकाली कुस्तीवर तयार झाला आहे. कुंडलच्या मैदानात हलगी कडाडायला लागली की गुणफलकाकडं कोण बघतो? तिथं एकच माप. चीत केलं, आभाळ दाखवलं, तर जिंकला. नाहीतर दोघांचे हात वर करून बरोबरीत सोडवायची. हिंदकेसरी मारुती माने कवठेपिरानचे, हिंदकेसरी गणपतराव आंदळकर शिराळा तालुक्यातल्या पुनवतचे. दोघांचा दबदबा या मातीतलाच. पण हेच दोघं १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत गुणांच्या कुस्तीतही उतरले आणि दोघांनीही प्रत्येकी एक सुवर्ण आणि एक रौप्य आणलं. तेव्हा 'गुणांची कुस्ती आपली नव्हे' हे म्हणणं इतिहासाला धरून नाही.

निकाली डोळ्याला जे दिसतं ते नियमाला दिसतंच असं नाही. प्रेक्षक बघतो की आक्रमक कोण होता, दम कुणाचा गेला, घाबरून कोण मागं सरकत होता. नियम बघतो की पाय रिंगणाबाहेर गेला का, गेला तर एक गुण. कुस्ती करत नाही अशी ताकीद मिळालेल्या पैलवानानं पुढच्या तीस सेकंदांत गुण घेतला का, नाही घेतला तर समोरच्याला एक. आणि कुस्ती संपताना गुण सारखे झाले तर? जत्रेतला माणूस म्हणेल, बरोबरी. नियम म्हणतो, बरोबरी नाहीच. ज्यानं मोठ्या किमतीचा डाव मारला तो विजयी. एकानं दोन-दोन करून चार घेतले आणि दुसऱ्यानं एका डावात चार घेतले, तर दुसरा जिंकला. तेही सारखं असेल तर कुणाला ताकिदी कमी, आणि तेही सारखं असेल तर शेवटचा गुण कुणाचा. चार-चार असा फलक बघून घरी निघालेला प्रेक्षक दुसऱ्या दिवशी निकाल वाचतो आणि म्हणतो, पंचानं ढापलं.

आता जत्रांतही लांबलेली कुस्ती गुणावर लावायची पद्धत आली आहे. वीस-पंचवीस मिनिटं खडाखडी झाली, निकाल लागेना, की निवेदक सांगतो, पहिला गुण घेईल तो विजयी. पण गुण कशाला धरायचा? नुसतं मागं जाऊन पट काढला तर, का गुडघा टेकला तर? बहुतेक ठिकाणी हे कुस्ती लागायच्या आधी कुणी सांगत नाही. भांडण तिथूनच सुरू होतं आणि इनामाची रक्कम जितकी मोठी तितकं ते वाढतं.

अहिल्यानगर : लाथ आणि त्यामागचा प्रश्न

२ फेब्रुवारी २०२५ रोजी अहिल्यानगरात गादी विभागाच्या अंतिम कुस्तीत पृथ्वीराज मोहोळनं शिवराज राक्षेला चीत केल्याचा निकाल पंचांनी दिला. राक्षेचं म्हणणं, दोन्ही खांदे टेकलेच नाहीत, व्हिडिओ बघा. शब्दाला शब्द वाढला, त्यानं पंचाची कॉलर धरली, लाथ घातली. नंतर त्याच रात्री गदेच्या कुस्तीत महेंद्र गायकवाड एका गुणाच्या निर्णयावर चिडून काही सेकंद बाकी असताना मैदान सोडून गेला आणि मोहोळ महाराष्ट्र केसरी झाला. राक्षे आणि गायकवाड दोघांवर तीन-तीन वर्षांची बंदी आली.

इथं दोन गोष्टी वेगळ्या धरायला हव्यात. पंचावर हात टाकला, विषय संपला. त्याची शिक्षा व्हायलाच हवी होती. गावोगावच्या आखाड्यात उद्या पंच म्हणून कोण उभा राहील? बहुतेक पंच हे जुने पैलवान, शाळेतले क्रीडाशिक्षक, फारसं मानधन नसताना दिवसभर शिट्टी घेऊन उभे राहणारे. पण लाथेमुळं राक्षेचा प्रश्न चुकीचा ठरत नाही. चितपट म्हणजे कुस्तीचा शेवट. गुण चुकला तर उरलेल्या वेळात भरून काढता येतो, चितपट चुकली तर काहीच उरत नाही. म्हणूनच नियमात चितपट एकट्या पंचाच्या भरवशावर सोडलेली नाही. दोन्ही खांदे एकाच वेळी टेकले पाहिजेत, पंचाची खात्री पटेल इतका वेळ टेकून राहिले पाहिजेत, आणि मैदानातल्या पंचाला बाजूच्या पंचाचा किंवा गादीप्रमुखाचा दुजोरा मिळाला पाहिजे. तिघांपैकी दोघं म्हणतील ते खरं. त्या रात्री हजारो लोकांना दिसली ती फक्त एका पंचाची कृती. बाकी दोघांनी काय पाहिलं हे कुणाला कळलं नाही, आणि व्हिडिओची मागणी हवेतच राहिली.

खानापूर तालुक्यातल्या भाळवणीचे, २००७ आणि २००८ असे दोन वेळचे महाराष्ट्र केसरी चंद्रहार पाटील त्यानंतर भडकले. पंचांविषयी त्यांनी वापरलेली भाषा कुणालाही मान्य होण्यासारखी नव्हती. आपल्या दोन्ही गदा परत करण्याची घोषणाही त्यांनी केली. आपल्यावरही असाच अन्याय झाल्याची त्यांची जुनी तक्रार आहे. तिचा खरेखोटेपणा आज ठरवता येणार नाही, कारण त्या काळातल्या निर्णयांची कारणं कुठं लिहून ठेवलेलीच नसतात. दोन गदा जिंकलेल्या माणसाला इतक्या वर्षांनंतरही तो गुण झोप लागू देत नाही, याची दखल मात्र संघटनांनी घ्यायला हवी होती.

पण दखल घेणार कोण? नोव्हेंबर २०२३ मध्ये एक महाराष्ट्र केसरी पुण्याजवळ फुलगावला झाली, दुसरी धाराशिवला. २०२५ मध्ये अहिल्यानगरनंतर दोन महिन्यांच्या आत आणखी एक कर्जतला. संघटना दोन, गदा दोन. पंचानं चूक केली तर त्याला जाब विचारणारं घर एक नसेल, तर चूक कुणाच्या खात्यावर मांडायची?

बॉक्सिंगवाल्यांनी हे सगळं भोगलंय

ज्या खेळात पंचाच्या डोळ्यावर सगळा मदार, त्यात बॉक्सिंग सगळ्यात पुढं. तिथं तर धोक्याची स्थिती, खांदा असलं काही मोजमापही नाही. ठोसा लागला का, किती नीट लागला, फेरीवर ताबा कुणाचा, हे बघून आकडा लिहायचा. १९८८ च्या सोल ऑलिम्पिकच्या अंतिम लढतीत अमेरिकेच्या रॉय जोन्सनं कोरियाच्या पार्क सी-हुनला ८६ ठोसे मारले, त्याला ३२ बसले, तरी निकाल ३-२ असा पार्कच्या बाजूनं लागला. त्याच स्पर्धेचा सर्वोत्तम बॉक्सर म्हणून नंतर जोन्सलाच गौरवलं गेलं. हरलेला सर्वोत्तम!

त्यानंतर यंत्र आलं. १९९२ पासून पाच पंचांच्या हातात बटणं दिली. ठोसा लागला की दाबायचं, एका सेकंदाच्या आत तिघांनी दाबलं तरच गुण. वाटलं, आता भांडण संपलं. झालं उलटंच. ज्याचा हात बटणावर जलद तो पंच चांगला ठरायला लागला, जवळून मारलेले ठोसे सुटायला लागले, बॉक्सर लांबून टिचक्या मारून गुण गोळा करायला शिकले. २०१२ च्या लंडननंतर बटणं गेली आणि प्रत्येक फेरीला दहा गुणांची पद्धत आली. फेरी जिंकणाऱ्याला १०, हरणाऱ्याला ९ किंवा त्याहून कमी. मग २०१६ च्या रिओत पुन्हा आरोप झाले, आणि तिथल्या सगळ्याच्या सगळ्या ३६ पंचांना टोकियोपासून दूर ठेवलं गेलं.

टोकियोतली मेरी कोमची लढत तर हिशेब म्हणून मांडून बघण्यासारखी आहे. २९ जुलै २०२१, समोर कोलंबियाची इंग्रिट व्हॅलेन्सिया. पहिली फेरी पाचपैकी चार पंचांनी व्हॅलेन्सियाला दिली. दुसरी आणि तिसरी पाचपैकी तिघांनी मेरीला. तीन फेऱ्यांपैकी दोन जिंकल्या, मग मेरी जिंकली पाहिजे ना? तिलाही तसंच वाटलं. पण निकाल ३-२ असा तिच्या विरोधात. कारण तिथं फेऱ्या मोजत नाहीत, प्रत्येक पंचाचा कागद वेगळा धरतात. पाच पंच गुणिले तीन फेऱ्या म्हणजे १५ चौकटी. त्यातल्या आठ व्हॅलेन्सियाच्या, सात मेरीच्या. पहिल्या फेरीत गमावलेली जास्तीची चौकट पुढं भरून निघाली नाही. कुणी चोरी केली असं नाही, मोजायची रीत वेगळी होती.

हे आज कुपवाडमधला माणूसही पडताळून बघू शकतो, कारण कुठल्या पंचानं कुठल्या फेरीत काय लिहिलं हे जाहीर होतं. निर्णय पटला नाही तरी तो कसा झाला हे दिसतं. आपल्या कुस्तीत अडतंय ते नेमकं इथं. यंत्र, कॅमेरे, चॅलेंज हे सगळं नियमात आहे. प्रशिक्षकानं स्पंज टाकला की व्हिडिओ बघायचा, आक्षेप फोल ठरला तर समोरच्याला एक गुण. पण बाजूच्या पंचानं दोन दिले होते का चार, गादीप्रमुखानं कुणाची बाजू घेतली, हे सामना संपल्यावर कागदावर बाहेर येत नाही. मग पडद्याआड काय झालं याच्या गोष्टी रचल्या जातात.

गोळेश्वरच्या पैलवानाचा एक गुण

हा वाद नवा नाही याची साक्ष सातारा जिल्ह्यातच आहे. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिम्पिकआधी मद्रासच्या राष्ट्रीय स्पर्धेत एका गुणानं त्यांना मागं ठेवलं गेलं आणि त्यांची निवड अडली. आपल्याला मुद्दाम एक गुण कमी दिला, वशिलेबाजी झाली, असं त्यांचं म्हणणं होतं. लाथ नाही, शिवी नाही. त्यांनी पतियाळाच्या महाराजांकडं दाद मागितली. महाराज कुस्तीचे शौकीन. फेरचाचणी लावली गेली आणि जाधवांनी समोरच्याला चीतच केलं. पुढं प्रवासाच्या पैशाची अडचण आली तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी घर गहाण ठेवून सात हजार दिले. हेलसिंकीत कांस्य मिळालं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. तिथंही एका कुस्तीनंतर नियमाप्रमाणं मिळायची अर्ध्या तासाची विश्रांती त्यांना मिळाली नाही आणि रशियन मल्लाशी लगेच उतरावं लागलं, कारण त्यांच्या बाजूनं भांडायला भारताचा एकही अधिकारी तिथं हजर नव्हता.

मद्रासचा तो गुण तसाच राहिला असता तर? एका खेळाडूपाशी दाद मागायला जागा होती म्हणून पदक आलं. ती जागा एका राजाच्या मर्जीवर होती, हे त्यातलं वाईट. आज राजे नाहीत, संघटना आहेत, आणि त्यांच्याकडं दाद मागायला गेलेल्या पैलवानाला आधी 'तू कुठल्या गटाचा' हे विचारलं जातं, अशी तालमीतली बोली आहे.

सिकंदरचं म्हणाल तर, कोथरूडच्या दहा महिन्यांनी, १० नोव्हेंबर २०२३ ला फुलगावात त्यानं शिवराज राक्षेला झोळी डावावर काही सेकंदांत चीत करून गदा घेतली. ते पाहून अनेक जण म्हणतात, "बघा, खरा असेल तो येतोच वर." हे म्हणणं गोड आहे, पण धोक्याचं आहे. सिकंदरला दुसरी संधी मिळाली. गुडघा गेला, घरची परिस्थिती फिरली, वय गेलं, म्हणून ज्यांना ती मिळाली नाही अशा पैलवानांची नावं कुठल्या फलकावर नसतात.

जिल्ह्यातल्या मैदानांपुरतं बोलायचं तर फार खर्चाचं काही लागत नाही. समोरासमोरच्या दोन बाजूंना दोन मोबाइल स्टँडवर लावून चित्रण करता येतं, तेवढे मोबाइल कुठल्याही यात्रा कमिटीकडं आहेत. मोठ्या इनामाच्या कुस्तीला दोन्ही पैलवानांच्या तालुक्याबाहेरचा पंच बोलावता येतो. कुस्ती गुणावर लावायची असेल तर गुण कशाला धरणार हे जोड लागायच्या आधी निवेदकानं दोन्ही वस्तादांसमोर सांगायचं, आणि निर्णय दिल्यावर पंचानं माईक हातात घेऊन एका वाक्यात कारण द्यायचं : "पाठ वळली म्हणून चार", नाहीतर "कुशीवर आला म्हणून दोन". यातलं शेवटचं काम सगळ्यात स्वस्त आहे आणि तेच सगळ्यात कमी मैदानांत होतं. माईक बहुतेक वेळ पाहुण्यांच्या सत्कारात अडकलेला असतो.